अभ्यासिकेत तंबोरा लावावा का?

विश्रामबागवाला
सांगलीत विश्रामबागेत माझी छोटी अभ्यासिका आहे. ४० खुर्च्या, पैकी ३० कायम भरलेल्या. एमपीएससी, तलाठी, पोलिस भरती, दोघं-तिघं सीएवाले. शेजारी गाड्या धुवायचं सेंटर निघालंय आणि त्याचा पंप दिवसभर घुं घुं करतो. पोरांनी सूचना पेटीत चिठ्ठी टाकली: "सर, बारीक आवाजात बासरी किंवा सतार लावा, पंप ऐकू येणार नाही." दुसऱ्या दिवशी दुसरी चिठ्ठी: "काहीही लावलंत तर फी परत घेऊन जाईन."

माझं स्वतःचं असं, की सकाळी आत स्वयंपाकघरात रेडिओ चालू असतो आणि मी पेपर वाचतो, काही अडत नाही. पण राज्यघटनेचं एखादं कलम समजून घ्यायला बसलो की तोच रेडिओ डोक्यात जातो. म्हणजे वाचन आणि वाचन सारखं नसावं. तुम्ही काय करता?

निमूट
काही लावू नका. पंपवाल्याशी बोला.

मी ३२ वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. वाचताना आत एक आवाज चालू असतो, स्वतःचाच. बाहेर गाणं लागलं की दोन आवाज होतात आणि मग डोळे ओळीवरून जातात, मजकूर मागे राहतो. ऱ्हस्व-दीर्घ तर सोडाच, एकदा अख्खी ओळ दोनदा छापली गेली. शेजारच्या मंडळाच्या गणपतीत लाऊडस्पीकर चालू होता, एवढंच कारण.

दुसरं म्हणजे हा गाण्याचाही अपमान आहे. ज्या मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, जिथे दर्ग्याच्या उरुसात गवई रात्र रात्र हजेरी लावतात, तिथून दोन कोसांवर तुम्ही सतारीचा उपयोग पंपाचा आवाज झाकायला करणार?

चहाबिस्किट
काका, तुमच्या घरात खोल्या किती होत्या?

आमची एकच. त्यात आजी, आई, बाबा, धाकटा भाऊ, टीव्ही आणि कुकर. चार वर्षं मी हेडफोन लावून अभ्यास केला. आवडीचं काही ऐकायला म्हणून नाही. कानात काहीतरी वाजत असेल तर घरचे हाक मारत नाहीत, "अभ्यास करतीय" म्हणतात. नुसतं पुस्तक घेऊन बसलं की "जरा दूध बघ गं" चालू. दाराला कडी लावता येते त्यांनी शांततेच्या गप्पा माराव्यात.

आणि हो, प्रिलिम पास झाले. त्याच गाण्यांवर.

निमूट
अभिनंदन, मनापासून. पण गाण्यांमुळे पास झालात की गाणी असूनही, हे कसं ठरवायचं?

शंकासुर
हे थोडंफार ठरवता येतं. १९७६ साली कोल आणि वेल्श या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. लोकांना अक्षरांची रांग डोळ्यांनी वाचायची आणि क्रमाने आठवायची होती. मागे एक जर्मन उतारा वाचला जात होता आणि ऐकणाऱ्यांना जर्मन येत नव्हतं. तरी आठवणं घसरलं. म्हणजे "मला कळत नाही त्या भाषेतली गाणी लावतो, मग त्रास नाही" हा आमच्या होस्टेलवरचा लाडका तोडगा तिथेच बाद. (मित्र कानडी लावायचे. मी कर्नाटकच्या सीमेवरच्या जतचा, मला कानडी कळतं, म्हणून मी तेलुगू.)

पुढे १९८९ मध्ये सालामे आणि बॅडली यांनी संगीतच घेतलं. शब्दांसकट गाणं जास्त नडलं, नुसतं वाद्य कमी. हे सगळं क्रमाने लक्षात ठेवायच्या कामाबद्दल आहे, म्हणजे कलमं, सनावळ्या, वंशावळी. एमपीएससीवाल्यांचं निम्मं आयुष्य तेच.

अडत्या
मार्केट यार्डात अडत दुकान आहे आपलं, हळदीचं. हंगामात दिवसाला शंभरावर पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाची बिलं, लिहितो. रेडिओ सकाळी ८ ला चालू, दुकान बंद करताना बंद. वजन, दर, हमाली, तोलाई, सगळं त्यात होतं. एक पट्टी चुकली असं कुणी शेतकरी येऊन म्हणाला नाही. प्रयोगवाल्यांना म्हणावं यार्डात या.

शंकासुर
शेठ, बेरीज करताना आवाज कमी करता का?

अडत्या
कॅल्क्युलेटर आहे की वो.

भलरी
माण तालुक्यातून. इथे सगळे असं बोलतायत जणू कामाला गाणं जोडणं मोबाईलनंतर आलं. आमची आजी पहाटे जात्यावर बसायची तेव्हा ओवीशिवाय खुंटा हलत नव्हता. खुरपणीला भलरी, मोटेवर मोटेची गाणी. हेमा रायरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी नुसत्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या तर त्या लाखावर भरल्या. एवढं गाणं बायांनी मूर्खपणाने म्हटलं का? गाण्याने हात चालतो. साहेबालाही हे कळलं होतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४० पासून, बीबीसी कारखान्यांसाठी दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास खास संगीत लावायची.

निमूट
आजींनी ओवी म्हटली. त्यांना ती कुणी लावून दिली नव्हती. दम त्यांचा, लय जात्याची, शब्द मनातले. थांबावंसं वाटलं की थांबायच्या. त्यात आणि डोक्यावर टांगलेल्या स्पीकरमध्ये फरक नाही?

बीबीसीचं उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूने दिलंत. त्या कार्यक्रमातून टाळ्यांचं एक गाणं वगळावं लागलं होतं, कारण टाळीच्या जागी कामगार हातातली हत्यारं आपटायला लागले. ऐकायला लागला की माणूस काम सोडतो.

भलरी
हत्यार आपटलं म्हणजे माणूस खूष होता. तुमच्या छापखान्यात कोण खूष होतं?

निमूट
पगाराच्या दिवशी सगळे.

जवारी
मिरज. सतारमेकर गल्ली म्हटल्यावर कळंल. आमची वाद्यं करायची ही कितवी पिढी, ते मोजत बसत नाही. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आन् तंबोऱ्याला जीआय, म्हंजी भौगोलिक मानांकन, मिळालं, तवापास्नं कॅमेरावाले लय येत्यात. पयला प्रश्न ह्योच, "काम करताना संगीत ऐकता का?"

ऐकतो की. पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं भोपळं येत्यात, ते निवडायचं, कापायचं, आतनं खरवडायचं, तवा मोबाईलवर काय पण चालू असतंय. नक्षीच्या पट्ट्या चिकटवायच्या, पॉलिशचं हात मारायचं, तवा पण. दिवस जातो. पोरं तर क्रिकेटची कॉमेंट्री लावत्यात.

पण जवारी, म्हंजी तारेचा घुमणारा नाद, काढायला बसलो की दुकानात चिटपाखरू नको. तारा जिच्यावर टेकत्यात त्या घोडीचा माथा कानशीनं इतका बारीक घासायचा की डोळ्याला दिसत नाही काय गेलं ते. तार चढवायची, छेडायची, ऐकायचं, उतरवायची, परत घासायची. तारेखाली दोरा सरकवून बघायचा. एक घास जास्त झाली तर नाद मेला, घोडी टाकून द्या. तवा रस्त्यावरनं बुलेट गेली तरी आम्ही हात उचलून गप बसतो.

तर वो सर, कुणाचं काम भोपळा खरवडायचं आन् कुणाचं जवारीचं, ते आधी बघा. ४० खुर्च्यांत दोन्ही असणार.

विश्रामबागवाला
एवढं नेमकं मला सांगता आलं नसतं. पेपर म्हणजे भोपळा, घटना म्हणजे जवारी.

ओटी सिस्टर
मिरजेतच नोकरी, ऑपरेशन थिएटरमध्ये. आमच्याकडे रोज हाच वाद असतो. सर्जन जुनी गाणी लावतात, भूल देणारे डॉक्टर तोंड वाकडं करतात. बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते. मॉनिटरचा टिक टिक आवाज नुसता ठोके मोजत नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरला की त्या आवाजाची पट्टीही उतरते. भूलवाल्यांचे हात आणि डोळे दुसरीकडे असले तरी कान त्या पट्टीवर असतो. मान न वळवता "काय झालं?" म्हणतात, आणि खरंच आकडा खाली आलेला असतो. गाणं मोठं असलं तर ते कळायला वेळ लागतो.

टाके घालायला लागले की मात्र तेच म्हणतात, लावा आता काहीतरी.

चहाबिस्किट
हे दोन्ही पटलं. पण जवारीकाकांचं दुकान त्यांचं आहे, ते हात उचलून गप बसू शकतात. सिस्टर, तुमच्याकडे "बंद करा" म्हणायचा अधिकार कुणाला तरी आहे. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. माझ्यासमोर गाणं की शांतता अशी निवड कधी नव्हतीच. गाणं की मालिकेतल्या सासूचं भांडण, अशी होती. गाणं निदान मला पाठ होतं, त्यामुळे त्याच्याकडे लक्ष जात नव्हतं. नवीन गाणं मी अभ्यासाला कधीच लावलं नाही.

निमूट
हे मात्र मी विचारात घेतलं नव्हतं. घरासाठी ठीक. अभ्यासिकेत लोक पैसे भरून त्या सासूपासून सुटायलाच येतात ना?

मोझार्टभक्त
लहान मुलांना आणि विद्यार्थ्यांना मोझार्टचं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकवल्याने बुद्धी वाढते हे सिद्ध झालंय. तेच लावा.

शंकासुर
आलात का! १९९३ सालचा तो प्रयोग ३६ कॉलेजविद्यार्थ्यांवर होता. आधी १० मिनिटं मोझार्ट ऐकवला, मग कागदाच्या घड्या मनात उलगडायच्या वगैरे कोडी दिली. थोडे गुण वाढले आणि परिणाम १०-१५ मिनिटांत ओसरला. त्यात लहान मुलं नव्हती, अभ्यास करताना ऐकणंही नव्हतं. बाकीचं सगळं सीडी विकणाऱ्यांनी वाढवलं.

अडत्या
माझ्या मेव्हण्यानं ती सीडी घेतली होती. पोरगं आता माझ्याच दुकानात आहे, रेडिओ ऐकतंय.

विश्रामबागवाला
करून बघितलं ते सांगतो. पंपवाल्याशी बोललो (निमूट, तुमचं ऐकलं). तो म्हणाला, भाडं तुम्ही भरा, पंप बंद ठेवतो. मग सोमवारी मोबाईलवरचा तंबोरा, पंचम लावलेला, एका छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर अगदी बारीक सुरू केला आणि स्पीकर पंपाच्या भिंतीला ठेवला. शब्द नाही, ताल नाही, सुरुवात-शेवट नाही. कुणालाही सांगितलं नाही. दोन तास कुणी मान वर केली नाही. फी परत मागणारा मुलगाही टिपणं काढत बसला होता. सव्वाअकराला स्पीकरची बॅटरी संपली आणि तंबोरा थांबला, तेव्हा एकदम २०-२५ जणांनी माना वर केल्या. पंप चालूच होता.

निमूट
बघा, म्हणजे सगळे ऐकत होते. तेवढं लक्ष पुस्तकातून गेलंच.

चहाबिस्किट
उलट! दोन तास कुणाला पंप ऐकू आला नाही.

जवारी
मोबाईलवरच्या तंबोऱ्याला जवारी नसती, पण असू दे. स्पीकर चार्ज केला का मग?