मदत हवी आहे: फायबर बदलल्यापासून मळ्यातला कॅमेरा बाहेरून दिसत नाही

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यातून लिहितोय. विहिरीवरच्या मोटारीची केबल रातोरात कापून नेतात म्हणून मळ्यातल्या घरी कॅमेरा आणि डीव्हीआर (त्याचं रेकॉर्डिंग करणारा डबा) बसवला. जुन्या कनेक्शनवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी राऊटरमधून डीव्हीआरकडे वळवणं) करून पुण्याहून धाकटा भाऊ मोबाइलवर बघायचा. आता गावातल्या केबलवाल्याचं फायबर घेतलं. स्पीड झकास, पण सेटिंग तीच ठेवूनही बाहेरून काहीच उघडत नाही.

राऊटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर १००.८१ ने सुरू होणारा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, दिसतो आणि 'माझा आयपी' सांगणाऱ्या साइटवर भलताच. म्हणजे सीजीनॅट (एका पब्लिक पत्त्यामागे अनेक ग्राहक), बरोबर ना? केबलवाला म्हणतो, एकच पब्लिक आयपी पुष्कळ घरांत वाटलाय, वेगळा हवा तर स्टॅटिक घ्या, दरमहा जादा पैसे पडतील. त्याला तरी काय बोलणार? जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) पत्ते जगात मिळून ४२९ कोटी. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला आणि एप्रिलमध्ये आपल्या आशिया-पॅसिफिकचा वाटाही शेवटच्या गठ्ठ्यावर आला. उशिरा धंद्यात उतरलेल्याच्या हाती मोजकेच पत्ते.

घरात सर्च करताना सारखं 'तुम्ही रोबो नाही ना' विचारतं, तेही यामुळेच का? आणि आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते) चालू करून घेतलं तर भागेल का? डीव्हीआर जुना आहे, त्याच्या नेटवर्क पानावर आयपीव्ही६चा रकानाच नाही.

तापीकाठ: सीजीनॅटच. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ पासून त्यासाठीच राखून ठेवलाय. तुमच्या राऊटरवर कितीही पोर्ट उघडा, खरं दार केबलवाल्याच्या मशीनवर आहे. रोबोचा प्रश्नही बहुतेक त्यातूनच. त्याच पत्त्यामागे कोण काय उद्योग करतंय, देव जाणे. आयपीव्ही६ घ्याच, पण या डीव्हीआरला त्याचा उपयोग नाही. मेनूत पीटूपी किंवा क्लाउड आहे का बघा. त्यात डीव्हीआर स्वतःच बाहेर जोडणी करतो, त्यामुळे सीजीनॅट आडवं येत नाही.

अमळनेरकर: पीटूपी म्हणजे जोडणी कंपनीच्या सर्व्हरच्या भरवशावर. निदान पासवर्ड तरी कारखान्यातला ठेवू नका. ते नको असेल तर जुना लॅपटॉप मळ्यात चालू ठेवून त्यावर आणि भावाच्या मोबाइलवर टेलस्केल (दोन्हींना इंटरनेटवरून खासगी जोडणारं ॲप) टाका. फुकटात होतं. लाइट गेली की लॅपटॉप बसतो, एवढीच कटकट. आपल्याकडे उन्हाळ्यात ती काही छोटी नाही म्हणा. स्टॅटिकचे पैसे सगळ्यात शेवटी.

धागाकर्ता: पीटूपी सापडलं भाऊ, पण 'ऑफलाइन' दाखवतंय. डीएनएसच्या (नावावरून आयपी शोधून देणाऱ्या सर्व्हरच्या) रकान्यात जुन्या कंपनीचा आकडा आहे.

तापीकाठ: मग तिथेच अडलंय. जुन्या कंपनीचा डीएनएस बाहेरच्या कनेक्शनला उत्तर देत नसेल. ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस) टाका, गेटवेच्या (बाहेर जायच्या वाटेच्या) रकान्यात नव्या राऊटरचाच आयपी आहे ना बघा आणि डीव्हीआर रिस्टार्ट करा. ऑनलाइन दिसलं की पीटूपीच्या पानावरच्या क्यूआरचा फोटो भावाला पाठवा. इथे मात्र टाकू नका!