मदत हवी आहे: एनएफएस माउंट अडकलाय, डीएफ मारलं की टर्मिनल गोठतं (अर्जंट)

पेठेतला_पेंग्विन (सोमवार, सकाळी ९:४२)
मंडळी, लवकर बघा प्लीज. ऑफिसच्या लिनक्स मशीनवर नॅसचा (नेटवर्कवरची फाईल ठेवायची पेटी) माउंट अडकलाय, म्हणजे एनएफएसने जोडलेलं तिचं फोल्डर. डीएफ (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) मारलं की टर्मिनल तिथेच गोठतं, कंट्रोल-सी ला दाद देत नाही, त्या फोल्डरमध्ये एलएस केलं तर तेही टर्मिनल गेलं, अशी पाच उघडून ठेवलीयेत आत्तापर्यंत. यूमाउंट -एफ (जबरदस्तीने माउंट काढायला) केलं तर बिझी म्हणतंय. लोड ॲव्हरेज १९ आणि सीपीयू मात्र रिकामा. पिंग होतंय म्हणजे नेटवर्क नीट आहे. रीबूट करायचा नाहीये. काय करू?

कर्वेरोड (९:५०)
रीबूट का नाही? पाच मिनिटांचं काम आहे.

जुनाअ‍ॅडमिन (९:५३)
रीबूट पण सरळ होणार नाही, बंद होताना यूमाउंटवरच अडकेल. लोडचं म्हणाल तर डी स्टेटमधल्या (डिस्क किंवा नेटवर्कच्या उत्तराची वाट बघत अडकलेल्या) प्रोसेस लोडमध्ये मोजल्या जातात म्हणून तो आकडा दिसतोय, त्याला घाबरू नका. डीएफ -एल मारा, फक्त लोकल डिस्क दाखवेल, अडकणार नाही. आणि हे सांगा: एनएफएसचं व्हर्जन ३ का ४? माउंट हार्ड (सर्व्हर परत येईपर्यंत वाट बघणारा) का सॉफ्ट (थोड्या वेळाने एरर देऊन सोडणारा)? डीमेसेजमध्ये (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींत) काय येतंय? अडकलं कधीपासून?

डेक्कन_बाईट (१०:०१)
सॉफ्ट माउंट करा, विषय संपला. आमच्याकडे सगळीकडे सॉफ्ट आहे, सर्व्हर गेला की एरर येते आणि माणूस मोकळा होतो. आत्तापुरतं यूमाउंट -एल मारा.

जुनाअ‍ॅडमिन (१०:०६)
लिहिण्याच्या कामाला सॉफ्ट अजिबात नको. लिहिता लिहिता एरर येते, अर्धे प्रोग्राम ती एरर तपासतच नाहीत आणि फाईल गुपचूप अर्धवट राहते. आणि यूमाउंट -एल ने नुसतं नाव यादीतून जातं, अडकलेली प्रोसेस अडकलेलीच राहते.

डेक्कन_बाईट (१०:०९)
मग काय दिवसभर टर्मिनलकडे बघत बसायचं? डी स्टेटला किल -९ (प्रोसेस जबरदस्तीने मारायची कमांड) पण लागत नाही.

जुनाअ‍ॅडमिन (१०:१२)
ते जुनं झालं. २००८ च्या २.६.२५ कर्नलपासून एनएफएसवर वाट बघणारी प्रोसेस किल -९ ने मरते. पण पेंग्विनभाऊ, थांबा, किल करू नका. आधी चालू काय आहे ते सांगा.

पेठेतला_पेंग्विन (१०:२०)
सॉरी, घाईत राहिलं. जुन्या दिवाळी अंकांचं ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं ओळखून मजकूर करणं) चाललंय, गुरुवार संध्याकाळपासून, स्कॅन नॅसवर आणि निकाल पण नॅसवरच. स्क्रिप्ट मध्येच तोडली तर पहिल्या पानापासून सुरुवात, म्हणून रीबूट नको. हार्ड आहे, व्हर्जन ३. डीमेसेजमध्ये शनिवार रात्रीपासून "नॉट रिस्पाँडिंग, स्टिल ट्रायिंग".

मोडीप्रेमी (१०:२४)
ओसीआरला टेसरॅक्ट वापरताय का? मराठीसाठी एमएआर हा डेटा टाका, नुसत्या हिंदीवर चालवलं तर ळ चा घोळ होतो. आणि स्कॅन ३०० डीपीआयच्या खाली नको. फार मोलाचं काम करताय.

कर्वेरोड (१०:२६)
शनिवारी रात्री काय झालं? लाईट गेली होती का? आमच्याकडे पण गेली होती, दीड तास.

पेठेतला_पेंग्विन (१०:३१)
हो गेली होती. हे मशीन यूपीएसवर आहे, नॅस नाही. लाईट आल्यावर नॅस आपोआप चालू झाला, राउटर मात्र उठलाच नाही, काल नवीन बसवला. पण पिंग होतंय हो!

जुनाअ‍ॅडमिन (१०:३३)
राउटर बदललाय हे आत्ता सांगताय होय! पिंग नावाने केलंत का आयपीने? कॅट /प्रॉक/माउंट्स करा (ते अडकत नाही) आणि नॅसच्या ओळीत एडीडीआर= च्या पुढे (सर्व्हरचा आयपी) काय आहे ते इथे टाका.

पेठेतला_पेंग्विन (१०:४१)
पिंग नावाने केलं होतं, ते १९२.१६८.१.७ वर जातंय. एडीडीआर मध्ये १९२.१६८.१.२० आहे. पण २० ला पिंग केलं तर तेही उत्तर देतंय!! मग ते कोण आहे?

जुनाअ‍ॅडमिन (१०:४५)
सापडलं. नाव फक्त माउंट करताना बघितलं जातं, नंतर कर्नल त्याच आयपीला धरून बसतो. नवीन राउटरने नॅसला ७ दिला आणि २० दुसऱ्याच कोणालातरी. तो कोण ते राउटरच्या यादीत बघा. त्याला बाजूला करा, राउटरच्या आयपी रिझर्वेशनमध्ये नॅसच्या मॅक ॲड्रेसला (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) २० बांधून द्या आणि नॅसची केबल काढून परत लावा. तुमच्या मशीनला हातसुद्धा लावू नका. हार्ड माउंट याचसाठी असतो. जे लिहून झालं पण नॅसपर्यंत पोचलं नाही ते तुमच्या रॅममध्ये थांबलंय, रीबूट मारला असतात तर तेवढं गेलं असतं. आणि व्हर्जन ३ मध्ये लॉक सोडले तर सर्व्हर क्लायंटचं काही लक्षात ठेवत नाही, त्यामुळे नॅस मध्ये बंद पडला होता तरी जुनी फाईल हँडल (सर्व्हरने फाईलला दिलेल्या ओळखखुणा) चालतात.

डेक्कन_बाईट (१०:५०)
हे पटलं. पण वाचायच्या शेअरला मी सॉफ्टच ठेवणार.

कर्वेरोड (१०:५२)
नॅसला पण एक छोटा यूपीएस घ्या बुवा, राउटर पण त्यावरच लावा.

पेठेतला_पेंग्विन (११:३८)
चाललं!!! २० वर प्रिंटर बसला होता. तो बंद केला, नॅसला २० दिला, केबल लावल्यावर दोनेक मिनिटं काहीच नाही, मी लॉगकडे बघत उभाच होतो, मग "सर्व्हर ओके" आलं आणि पाचही टर्मिनलं एकदम जागी झाली. सकाळचं डीएफ आत्ता उत्तर देतंय. स्क्रिप्ट जिथे थांबली होती तिथूनच पुढे गेली, ६,२१२ वं पान. शेवटची चार पानं उघडून स्कॅनशी ताडून बघितली, अक्षर इकडचं तिकडे नाही. जुनाअ‍ॅडमिन, तुमचे उपकार विसरणार नाही, यातले काही अंक असे आहेत की पान उलटलं की कडा हातात येते, परत स्कॅनरवर घालायची हिंमत नाही.
मोडीप्रेमी, एमएआर आहे, डीपीआय ४००.
आता प्रिंटरला दुसरा आयपी मिळालाय, सगळ्या मशीनवर परत ॲड करावा लागणार. हिशोबाच्या ताई दोनदा येऊन गेल्या, त्यांना चलनं काढायचीयेत, तेवढं करून येतो.