‘तुमच्यातही उपास असतात का?’ – लिहा आपापले अनुभव

मंडळी, सलाम.

२०२५ साली महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला, रमजान २ मार्चपासून आणि आपला ख्रिस्ती लोकांचा राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस) ५ मार्चला. आठवड्याभरात आमच्या खराडीच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावरची निम्मी माणसं गायब. बुधवारी मीही डबा नेला नव्हता. शेजारची म्हणते, “अय्या, तुमच्यातही उपास असतात?” आता काय सांगायचं? बायबलात मत्तयाच्या ६व्या अध्यायात प्रभू येशू म्हणतो, उपास धराल तेव्हा डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, चारचौघांना कळू देऊ नका. मी “ॲसिडिटी झालीय” म्हणून मोकळी झाले. म्हणजे उपास झाकायला चक्क खोटं बोलले! तुम्ही हे कसं निभावता? कोणाचं चर्च बरोबर हा वाद नको, वजन उतरवायच्या युक्त्याही नकोत.
– क्वार्टर गेट

गुरुवार पेठ, वय ७२

पंचहौदाच्या आवारात वाढलो. तिथल्या चर्चमध्ये, पवित्र नाम देवळात, उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) उपासना १२ ते ३, प्रभूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात प्रवचनं. सातवा उद्गार येईपर्यंत मी बोटं मोजत बसायचो, पोटात कावळे कोकलत असायचे.

शेजारच्या वाड्यात एक काकू होत्या. आमचा उपास आहे एवढं त्यांना ठाऊक होतं, आणि उपास म्हटला की त्यांच्या लेखी पुढचं ठरलेलंच. सकाळी अकराच्या सुमारास पितळी डब्यातून साबुदाण्याची खिचडी हजर. वर ओलं खोबरं, दाण्याचं कूट सढळ हाताने. आई नको म्हणायची नाही आणि खायचीही नाही. डबा फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवायची. साडेतीनला घरी आलो की तोच उघडायचा. तोवर साबुदाणा गार होऊन त्याचा डब्याच्या आकाराचा गोळा झालेला असे, तो सुरीने सोडवावा लागे. काकूंचा उपास साबुदाण्यावर चालायचा, आमचा साबुदाण्यावर सुटायचा. काकूंना हे शेवटपर्यंत कळलं नाही.

वानवडी

आम्ही कॅथलिक, आमच्याकडे सगळं नियमात. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार हे दोन सक्तीचे उपास, तेही १८ ते ५९ वयाच्या माणसांना: एकदा पोटभर, दोनदा थोडंसं. मांस वर्ज्य मात्र १४ वर्षांपासून पुढे सगळ्यांना. माझे वडील सांगायचे, त्यांच्या लहानपणी कम्युनियन (चर्चमधली पवित्र भाकर) घ्यायचं तर मध्यरात्रीनंतर काही खायचं नाही. आता एक तास आधी खाल्लं नाही की झालं.

मासे चालतात, तिथेच आमची गोची. लग्नानंतरच्या पहिल्या लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपासकाळात) दर शुक्रवारी मटण नाही म्हणून मी पापलेट तळायचे. एकदा शिवाजी मार्केटमधून येताना रिक्षात हिशोब केला, तर पापलेट मटणाहून महाग पडलं होतं! नवरा म्हणाला, “प्रभूने त्याग मागितला, तो खिशाने केला.” तेव्हापासून शुक्रवारी पेज आणि लोणचं.

येरवडा, वय ५८

मला १२ वर्षं शुगर आहे. मुलाच्या नोकरीसाठी तीन दिवसांच्या उपास-प्रार्थनेला बसलो. बायबलातल्या एस्तेर राणीने तीन दिवस अन्नपाणी सोडलं होतं, तसंच धरायचं ठरलं. गोळ्या मात्र चालू ठेवल्या, औषध म्हणजे काही अन्न नव्हे, या हिशोबाने. दुसऱ्या दिवशी दुपारी गीत चालू असताना हाताला कंप, दरदरून घाम, समोरचं गीतपुस्तक दोन-दोन दिसायला लागलं. पुढच्या बाकावरचे एक वडीलधारे म्हणाले, “सैतान आडवा येतोय, उठू नका.” मागच्या बाकावरची एक बाई उठली, पर्समधून साखरेची पुडी काढली आणि सरळ माझ्या तोंडात ओतली. नर्स होती. काही गोळ्या आपण जेवलो नाही तरी साखर खाली आणतातच, हे मला तिने सांगितलं. डॉक्टरांनी नंतर जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमचं घर मेथडिस्ट. हा पंथ सुरू करणारे वेस्लीसाहेब ऑक्सफर्डला असताना बुधवारी नि शुक्रवारी दुपारी तीनपर्यंतच उपास धरायचे. आम्हाला तीन दिवसांची घाई झाली होती.

कोथरूड, हॉस्टेल

२१ दिवसांचा, बायबलातल्या दानीएलचा उपास केला: मांस नाही, गोडधोड नाही, भाज्या, डाळी आणि पाणी. प्रार्थनेची वही ५व्या दिवशी बंद पडली, वजनाची नोंद २१व्या दिवसापर्यंत चालली. ४ किलो. चर्चमध्ये साक्ष द्यायला (आपला अनुभव सांगायला) बोलावलं तेव्हा गेले नाही. वरच्या ‘वजनाच्या युक्त्या नकोत’ला म्हणूनच हसू आलं.

खडकी

सासर मल्याळी, ऑर्थोडॉक्स. ईस्टरआधी ५० दिवस मांस, मासे, अंडी, दूध सगळं बंद. शिवाय नाताळाआधी २५ दिवस वेगळे. आपली मराठी सून पहिल्या वर्षी बिनदुधाच्या चहाला रडली होती, एवढंच सांगते.

पिंपरी

लिहू की नको, असं चाललं होतं. माझी मुलगी आजारी होती तेव्हा आम्ही सगळ्यांनी उपास धरले. साखळी उपास, प्रत्येकाने एक दिवस, ४० दिवस. ती ३८व्या दिवशी गेली. मातीनंतर घरी आलेल्या एकीने मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, “ताई, साखळी कुठे तुटली का?” तुटली होती. एका मंगळवारी दीर विसरले होते, चहा-बिस्कीट खाल्लं होतं. मी दोन वर्षं त्यांच्याशी धड बोलले नाही. एका पार्ले-जीच्या पुड्यावरून.

नंतर कधीतरी बायबलातलं दुसरं शमुवेल उघडलं, १२वा अध्याय. दावीद राजाने लेकरासाठी उपास धरला, जमिनीवर पडून राहिला, आणि सातव्या दिवशी लेकरू गेलं. मग तो उठला, अंघोळ केली, तेल लावलं, मंदिरात गेला, घरी येऊन जेवला. चाकरांना कळेना, हा आता कसा जेवतो. तुझा उपास कमी पडला, असं त्या अध्यायात त्याला कोणी म्हणत नाही. दोनदा वाचून खात्री केली.

मी उपास धरत नाही आता. दीर दर रविवारी जेवायला येतात.

क्वार्टर गेट (धागा मीच काढला होता)

ताई, काय लिहू. वाचलं. दोनदा वाचलं.

हडपसर

माझी पणजी केडगावची, मुक्ती सदन या आश्रमातली. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून उपाशी मुली घेऊन आल्या, त्यांत ती होती. आठेक वर्षांची असावी. आमच्या घरात पुढे सगळे शुक्रवार धरत, ती कधीच नाही. कोणी आग्रह केला की म्हणायची, “उपास तुम्ही करा बाबांनो. मी उपासमार करून आलेय.” हे आजीकडून ऐकलेलं.

पण शुक्रवारी भाकरी ती स्वतः थापायची, दुसऱ्या कोणाला पिठाला हात लावू द्यायची नाही. परातीत पीठ घेतलं की आधी त्यातली एक मूठ उचलून कोनाड्यातल्या डालड्याच्या डब्यात टाकायची. डबा भरला की दारात येईल त्याला. तो डबा माझ्याकडे आहे. पत्रा गंजलाय, झाकण नीट बसत नाही, म्हणून वर वाटी उपडी घालते. काल ज्वारीचं पीठ काठाला आलं होतं, ते सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना दिलं. त्या म्हणाल्या, “आज काय विशेष?” मी म्हटलं, काही नाही, शुक्रवार.