घरच्या चित्रफितींसाठी डीव्हीडी मायनस आर, प्लस आर की आणखी काही?

प्रश्न:
नमस्कार. आमच्याकडे मिनीडीव्ही कॅमेऱ्यावर चित्रित केलेल्या, प्रत्येकी ६० मिनिटांच्या २२ टेप आहेत. कॅमेरा अजून चालतो, परंतु टेप मध्येच अडकू लागल्यामुळे सगळे लवकर डिस्कवर उतरवून घ्यायचे ठरवले आहे. नातेवाइकांकडे वेगवेगळ्या वयाचे डीव्हीडी प्लेअर आहेत. मी एकदा आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या) डिस्कवर नोंद करून पाहिली, तेव्हा ती आमच्या प्लेअरवर चालली आणि भावाकडच्या जुन्या प्लेअरने ओळखलीच नाही. एकदाच लिहिता येणाऱ्या मायनस आर आणि प्लस आर, आणि पुन्हा पुन्हा लिहिता येणारी रॅम, यांपैकी कोणता प्रकार निवडावा? एका डिस्कवर दोन टेप बसवल्या तर चालेल का?

प्रतिसाद १:
भावाकडच्या प्लेअरमध्ये बहुधा काहीच बिघाड नाही. आरडब्ल्यू डिस्कवरून लेसरचा प्रकाश साध्या डिस्कच्या मानाने बराच कमी परावर्तित होतो, त्यामुळे काही जुने प्लेअर तिला दुहेरी थराची डिस्क समजतात आणि गोंधळतात. इतरांना द्यायच्या प्रतींसाठी आरडब्ल्यू वापरूच नये. रॅम डिस्क पुन्हा पुन्हा लिहिण्यासाठी अतिशय भक्कम असते, सुमारे एक लाख वेळा लिहिता येते, पण घरोघरच्या बहुतेक प्लेअरना ती वाचता येत नाही.

मायनस आर १९९७ मध्ये आली आणि प्लस आर २००२ मध्ये, म्हणून फार जुन्या प्लेअरवर मायनस आर चालण्याची शक्यता थोडी अधिक असते. उलट प्लस आर लिहिताना, ड्राइव्हमध्ये सोय असेल तर, डिस्कचा ‘बुक टाइप’, म्हणजे डिस्कवरील तिच्या प्रकाराची नोंद, बदलून ती डीव्हीडी-रॉम (कारखान्यात छापलेली डिस्क) असल्याचे दाखवता येते आणि मग हटवादी प्लेअरसुद्धा ती स्वीकारतो. मायनस आरवर ही नोंद कारखान्यातच कोरलेली असल्यामुळे बदलता येत नाही. दोन्हींची क्षमता जवळपास सारखीच, ४.७ जीबी. दोन्ही प्रकारांची एकेक डिस्क लिहून सगळ्या प्लेअरवर चालवून पाहावी, आणि त्यानंतरच गठ्ठा विकत घ्यावा.

प्रतिसाद २:
वरील माहिती बरोबर आहे, परंतु माझ्या अनुभवात मायनस-प्लसच्या निवडीमुळे कधीच काही बिघडले नाही. बिघडले ते स्वस्त डिस्क आणि घाईमुळे. आईच्या आवाजातील एक तासाचे चित्रण मी सर्वाधिक वेगाने लिहिले, पहिली पाच मिनिटे चालवून पाहिली आणि समाधानाने कपाटात ठेवून दिले. काही वर्षांनी पाहायला बसलो तर शेवटच्या दहा मिनिटांत चित्राचे चौकोन झाले, आवाज तुटू लागला आणि अखेर प्लेअर थांबला. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे चित्रणाचा शेवट बाहेरच्या कडेजवळ येतो आणि दोष सर्वांत आधी बहुधा तिथेच उघडा पडतो. ती दहा मिनिटे मला परत मिळाली नाहीत, कारण टेपवर तोपर्यंत दुसरे काही चित्रित झाले होते. म्हणून कळकळीने सांगतो, मध्यम वेगाने लिहा, डिस्क फायनलाइज करा (म्हणजे इतर प्लेअरना वाचता यावी म्हणून लेखन पूर्ण करून बंद करा), शेवटपर्यंत वाचून पडताळा आणि टेप टाकून देऊ नका.

प्रतिसाद ३:
दोन टेपविषयी. एका डिस्कवर एक तास ठेवला तर चित्राला सेकंदाला ८ ते ९ मेगाबिट मिळतात, जे डीव्हीडीच्या ९.८ मेगाबिटच्या मर्यादेच्या जवळपास आहे. दोन तास कोंबले तर हा दर ५ च्या आसपास येतो आणि धावणारी मुले, हलती पाने, हातात डगमगणारा कॅमेरा अशा दृश्यांत चित्र विरघळल्यासारखे दिसते. घरगुती चित्रण बहुतेक असेच असते, म्हणून एका डिस्कवर एकच टेप ठेवा.

मात्र डीव्हीडी ही पाहण्याची प्रत आहे, जतन करण्याची नव्हे, हा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डीव्हीडीसाठी चित्रण एमपेग-२ मध्ये दाबले जाते आणि त्यात गेलेला तपशील पुन्हा मिळत नाही. टेपवरील मूळ नोंद फायरवायरने (कॅमेरा संगणकाला जोडणाऱ्या केबलने) जशीच्या तशी संगणकावर घ्या. एका तासाचे साधारण १३ जीबी होतात, म्हणजे २२ टेपचे सुमारे २८६ जीबी. त्या फाइल बीडी-आरवर, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कवर, ठेवता येतात. २५ जीबीच्या डिस्कवर दोन टेप थोडक्यात हुकतात, ५० जीबीच्या डिस्कवर तीन नीट बसतात. डिस्क घेताना वेष्टनावर ‘एलटीएच’ लिहिलेले नाही ना, ते पाहा. त्या प्रकारात साध्या डीव्हीडीप्रमाणे सेंद्रिय रंगाचा थर असतो, तर इतर बीडी-आरमध्ये अजैविक थर असतो आणि तो अधिक टिकाऊ मानला जातो. तीच प्रत एका हार्ड डिस्कवरही असू द्या.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. आज पहिली टेप संगणकावर उतरवली आणि फाइल १३ जीबीचीच झाली. पाहण्यासाठी मायनस आरपासून सुरुवात करतो. डिस्कवर कागदी लेबल चिकटवले तर चालेल का?

प्रतिसाद २:
कृपया चिकटवू नका. लेबलमुळे डिस्कचा तोल बिघडतो, आणि ते एका बाजूने सुटू लागले तर डिस्क वाकते. डिस्कसाठीच्या मऊ टोकाच्या पेनाने मधल्या पारदर्शक कड्यावर टेपचा क्रमांक आणि तारीख लिहा, आणि डिस्क उजेडापासून दूर, डबीत उभी ठेवा.