शब्दचर्चा: टाकीत वायू ‘सोडायचा’ की ‘मुरवायचा’?

घोडबंदरकर:
सोसायटीतल्या मुलांना रविवारी घरची पाणवनस्पतींची टाकी दाखवायची आहे, शेजारी मराठीत एक टिपण लावायचं आहे. दोन फुटी टाकी, आत व्हॅलिसनेरिया आणि रोटाला. झाडांना कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) द्यायचा होता, पण सिलिंडर-रेग्युलेटर खिशाला परवडेना, म्हणून जुगाड केला: कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, दोन वाट्या साखर, पाव चमचा यीस्ट, कोमट पाणी. बुचाला भोक, त्यातून नळी, भोवती एम-सील. टिपणात लिहिलं, ‘बाटलीतून टाकीत कर्बवायू सोडला जातो.’ बायको म्हणाली, “सोडला म्हणजे गेलाच की!” दुसरा शब्द सुचवा. ‘विरघळवला’ जिभेवर बसत नाही.

नेरूळची मावशी:
वहिनींचं बरोबर आहे. सोडणाऱ्याचं काम सोडलं की संपतं. मोरबे धरणातून पाणी सोडलं म्हणून माझ्या पाचव्या मजल्यावर आलंच, असं थोडंच आहे? मीही पहिल्यांदा नळी नुसती टाकीत सोडली होती. वाटाण्याएवढे बुडबुडे, दोन सेकंदांत वर आणि फुटले. दहा दिवस साखर वाया, रोटाला ढिम्म. मग नळीचं तोंड फिल्टर जिथून पाणी ओढतो तिथे खुपसलं. आतल्या पंख्याने बुडबुड्यांचा असा भुगा केला की पाण्यात धुकं पडल्यासारखं दिसायला लागलं. आठवड्यात शेंडे वर निघाले. याला मी ‘मुरवणे’ म्हणेन. लोणचं मुरतं, पावसाचं पाणी जमिनीत मुरतं. वेळ लागतो आणि मुरलेलं दिसत नाही.

नौपाड्याचे मास्तर:
थोडी हरकत. फोडीत खार मुरतो, मातीत पाणी मुरतं. मुरणारं पातळ, आणि ज्यात मुरतं त्याला पोकळी हवी. पाण्यात वायू मुरतो हे कानाला खटकतं. ‘विरघळणे’ वायूलाही चालतं, सोडावॉटर हेच त्याचं उदाहरण.

माझी खरी तक्रार ‘कर्बवायू’बद्दल आहे. फार मोघम शब्द. जुन्या पुस्तकांत ‘कर्बाम्ल वायू’ असे, तो माझा लाडका, कारण तुमच्या टाकीतला अर्धा प्रयोग त्या नावातच आहे. हा वायू पाण्यात विरघळला की त्यातल्या थोड्याचं कर्बाम्ल होतं, सामू (pH) उतरतो. टाकीत काचेचा छोटा ड्रॉप चेकर लटकवतात ना, त्यातलं ब्रोमोथायमॉल ब्लू, म्हणजे आम्लता दाखवणारं रंगद्रव्य, म्हणूनच निळ्याचं हिरवं होतं. त्यातलं पाणी ठरलेल्या क्षारतेचं असेल तर हिरवा म्हणजे टाकीत लिटरमागे साधारण 30 मिलिग्रॅम वायू. नुसत्या हवेतून येणारा वायू लिटरमागे 1 मिलिग्रॅमही भरत नाही. पिवळा झाला तर मात्र धावा, मासे वर तोंड काढून धापा टाकत असतील. आणि हा रंग तास-दोन तास उशिराने बोलतो, हेही मुलांना सांगा.

वाशीचा नवखा:
यीस्टला ‘विरजण’ चालेल का?

नेरूळची मावशी:
नको रे बाबा. ‘टाकीला विरजण लावलं’ वाचून पोरं विचारतील, मासे दही खातात का? बाटलीतलं ‘आंबवण’ म्हण, म्हणजे इडलीचं पीठ घरात बघितलेल्या कुणालाही कळेल. लिंबूफूल आणि खाण्याचा सोडा वापरलास तर मात्र ते आंबणं नव्हे, नुसतं फसफसणं.

मास्तर, गाण्यात मुरलेला माणूस म्हणतो तेव्हा गाण्याला कुठे पोकळी असते?

आणि टिपणात ‘सोडणे’ अगदीच टाकू नका. रात्री झाडं हा वायू घेत नाहीत, उलट सोडतात. तिथे तोच शब्द बरोबर. पण यीस्टला दिवसरात्र सारखीच, बाटलीला बटण नाही. मी दिवा मालवला की नळी टाकीबाहेर काढते. मे महिन्यात तर ते आंबवण अंगात आल्यासारखं करतं, तीन आठवड्यांची बाटली दहा दिवसांत बसते. नळीत एकतर्फी झडप घाला, दुकानात एनआरव्ही म्हणून मागा. बाटलीचा जोर उतरला आणि झडप नसली, तर टाकीचं पाणी उलटं बाटलीत यायला लागतं. सकाळी आमच्या ओट्यावर साखरपाण्याचं तळं, त्यात मुंग्या. त्याला शब्द सुचला होता, इथे लिहिण्यासारखा नाही.

नौपाड्याचे मास्तर:
गाण्याचा दाखला मान्य. मुरवा.

घोडबंदरकर:
वाक्य असं केलं: ‘बाटलीत साखर आंबते, तिच्यातून कर्बाम्ल वायू निघतो, तो फिल्टरच्या पंख्याखाली आणून पाण्यात मुरवला आहे.’ आता एकच अडलंय. दुपारनंतर पानांवर प्राणवायूचे बारीक बुडबुडे धरतात, हौशी लोक त्याला ‘पर्लिंग’ म्हणतात. मी ‘पानांनी मोती धरले’ लिहिलं. बायकोने खोडून ‘पानांना घाम फुटला’ केलंय.