गूगलवरची जाहिरात लांब झाली, त्यात आपल्यासारख्यांचा फायदा की तोटा?

संत्राकलम_शेंदुरजना घाट

राम राम मंडळी. आमची संत्र्याची रोपवाटिका आहे. बाबा कलमं बांधतात, मी 2015 पासून गूगलवर जाहिरात देतो. माझं मत सरळ सांगतो: जाहिरात लांब झाली तेव्हापासून आमचा खर्च वाढला आणि कामाचं गिऱ्हाईक कमी झालं.

तेव्हाचं माप ज्यांनी वापरलं त्यांना आठवत असेल. मथळा 25 अक्षरांचा, खाली 35-35 च्या दोन ओळी, संपलं. जुलै 2016 मध्ये 30-30 चे दोन मथळे आणि 80 चं वर्णन आलं. 2018 मध्ये तिसरा मथळा आणि 90-90 ची दोन वर्णनं. आणि 30 जून 2022 नंतर ती ठरलेल्या साच्याची जाहिरात नवी टाकताच येत नाही. 15 पर्यंत मथळे, 4 पर्यंत वर्णनं देऊन ठेवायची. कोणाला काय दाखवायचं ते यंत्र ठरवतं.

मृग लागला की आमच्याकडे कलमं उचलायची घाई असते. बाबांचे हात कोपरापर्यंत चिखलात, तेवढ्यात फोन वाजतो: "बाल्कनीत लावायला दोन रोपं कुरिअरनं पाठवाल का?" दिवसातून सात-आठ फोन असे. प्रत्येक फोनमागे आमच्या खिशातून एका क्लिकचे पैसे गेलेले. "किमान 100 कलमे" ही अट मी लिहिली होती, पण ती यंत्रानं नेऊन ठेवली तिसऱ्या मथळ्यात, आणि तिसरा मथळा दर वेळी दिसतोच असं नाही. जुन्या जाहिरातीत हीच अट डोक्यावर होती, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. जागा कमी होती म्हणून मुद्दा वर यायचा, एवढंच माझं म्हणणं.

ठिबकवाला_अचलपूर

भाऊ, मले नाही पटलं. पेपरात छोटी जाहिरात दिली तर शब्दागणिक पैसे मोजा लागते. इथं 25 अक्षरं लिहा की 250, पैसे क्लिकचेच. मंग फुकट भेटलेली जागा कायले सोडाची?

नुसतं "ठिबक संच" लिहिलं तर कोणीही दाबते. अनुदानाचा फॉर्म पाहणारा दाबते, कॉलेजच्या प्रकल्पासाठी माहिती पाहणारा दाबते, जुन्या नळ्या विकणारा दाबते. आता मी वर्णनात लिहून राह्यलो: 16 एमएम इनलाइन नळी, वावरात येऊन जोडणी, फक्त अचलपूर, चांदूर बाजार, अंजनगाव. ज्याले हे पाह्यजे नाही तो वाचूनच पुढं जाते आन् माह्या पैशाले हात लागत नाही. लांब जाहिरात म्हंजे वावराचं कुंपण आहे.

तुमची बाल्कनीवाली मंडळी लांबीमुळं नाही आली. तुम्ही ठिकाणाची सेटिंग पाह्यली का? आपोआप जे येते त्यात त्या भागात "रस असलेले" लोकही असतात. पुण्यात बसून "वरूड संत्रा" शोधणारा त्याच्यात धरला जाते. ते बदलून "त्या भागात असलेले" एवढंच ठेवा. आन् नकारात्मक शब्दांत, म्हंजे जे शोधले तर आपली जाहिरात दिसतच नाही त्यांत, "कुंडी", "बाल्कनी", "घरपोच" टाका.

संत्राकलम_शेंदुरजना घाट

ठिकाणाचं तुमचं बरोबर, ते बदलतो. पण 16 एमएमची ओळ वाचून कोणी पुढे जाईल, हे तुम्ही धरून चाललात. फोनवर माणूस निळा मथळा पाहतो आणि अंगठा टेकवतो.

डोंगरावरचं घर_चिखलदरा

मी दोन खोल्यांचा होमस्टे चालवते, त्यामुळे माझी अडचण वेगळी आहे. फेब्रुवारी 2016 मध्ये गूगलनं कॉम्प्युटरवरची उजव्या बाजूची जाहिरातींची रांग काढली आणि वर चारपर्यंत जाहिराती द्यायला लागले. नंतर त्याच जाहिराती लांब झाल्या, त्यांच्याखाली लिंकांच्या ओळी लागल्या. आता कोणी फोनवर "चिखलदरा राहण्याची सोय" शोधलं की पहिल्या जाहिरातीतच पडदा भरतो. मी तिसऱ्या नंबरवर असते, म्हणजे नसल्यासारखीच. खाली माझं फुकटचं पान येतं, ते तर आणखी खाली ढकललं गेलं. वर यायचं तर बोली, म्हणजे एका क्लिकला द्यायची रक्कम, वाढवा. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मोठ्या हॉटेलांपुढे मी किती वाढवणार? लांबीचे पैसे लागत नाहीत म्हणता दादा, पण ते अशा वाटेनं लागतातच.

ठिबकवाला_अचलपूर

ताई, तुमचं दुखणं खरं आहे. पण हा काही बाजार समितीतला कापसाचा लिलाव नाही, का ज्याची बोली मोठी त्याचाच माल उचलला. जाहिरात शोधलेल्या शब्दाशी किती जुळते, लोक दाबतील का, पान उघडल्यावर कामाचं आहे का, हेही धरते. मोठं हॉटेल "बेस्ट स्टे" लिहीन. तुम्ही "भीमकुंडाजवळ, घरचं जेवण, दोनच खोल्या" लिहा. ते लिहाले जागा लागते न!

संत्राकलम_शेंदुरजना घाट

जागा लागते म्हणता, पण मराठीत ती जागा आहे कुठे? 30 म्हणजे 30 नाहीत. काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला पाय मोडणं, सगळं वेगळं मोजलं जातं. "संत्र्याची" हा शब्द घ्या. तोंडात अक्षरं तीन: सं, त्र्या, ची. मोजणीत दहा! तीस जागांच्या मथळ्यातला एक तृतीयांश एका शब्दात गेला. इंग्रजीवाल्यांना जी जाहिरात लांब वाटते ती आपल्याला जेमतेम पुरते.

ठिबकवाला_अचलपूर

मंग तर तुम्ही माह्याच बाजूनं बोलून राह्यले. मराठीले जास्त जागा पाह्यजे, आन् तुम्ही म्हणता जुनं 25 चं माप बरं होतं?

जाहिरातीचं काम_अमरावती

मी दहा-बारा दुकानांच्या जाहिराती सांभाळतो. संत्राकलम, तुमचा राग लांबीवर आहे, पण घोळ मथळ्याच्या जागेचा आहे. मथळा खिळवता येतो. त्याच्या शेजारच्या पिनच्या खुणेवर दाबा आणि पहिली जागा निवडा. जे दिसायलाच हवं ते पहिल्या किंवा दुसऱ्या मथळ्यात, नाहीतर पहिल्या वर्णनात खिळवायचं. तिसऱ्याच्या आणि दुसऱ्या वर्णनाच्या भरवशावर राहायचं नाही.

खिळवलं की गूगल जाहिरातीला जो "जाहिरातीची ताकद" हा शेरा देतं, तो कमी झाल्याचं दिसेल. त्यानं घाबरू नका. ती नुसती सूचना आहे, कोणाची जाहिरात वर लावायची हे ठरवताना ती धरत नाहीत. माझी कितीतरी गिऱ्हाईकं तो शेरा पाहून पिन काढून टाकतात आणि पुन्हा तेच भलते फोन सुरू होतात. आणि 15 मथळे भरायचा हट्ट धरू नका. बळंच लिहिलेला दहावा मथळा कधी ना कधी तुमच्या अटीच्या जागी बसतो.

लांबीचा खरा उपयोग वर्णनात आहे. तुमच्या धंद्यात जाणता कास्तकार काय विचारतो?

संत्राकलम_शेंदुरजना घाट

खुंट, म्हणजे खालचं मुळांचं रोप, कोणता आणि त्यावर संत्र्याचा डोळा किती उंच बांधला. डोळा मातीजवळ असला की डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, लागायची भीती. त्यामुळे बाबा वीतभर वरच बांधतात.

जाहिरातीचं काम_अमरावती

मग तेच लिहा: "जंबेरी खुंटावर, डोळा वीतभर उंच बांधलेली कलमे". मी मोजलं, 44 भरतात. तुमच्या 35 च्या ओळीत हे मावलं नसतं, तोडून दोन ओळींत टाकावं लागलं असतं. बाल्कनीवाल्याला यातलं काही कळणार नाही. ज्याला तीन एकरात लावायचंय तो थांबेल.

डोंगरावरचं घर_चिखलदरा

पण पहिल्या नंबरवर असेल तरच थांबेल ना. माझ्या प्रश्नाचं उत्तर यात नाही.

जाहिरातीचं काम_अमरावती

नाही, ताई. मोठ्या शब्दावर तुम्ही हराल. "चिखलदरा हॉटेल" सोडा, "चिखलदरा घरगुती जेवण मुक्काम" असे लांब शोध धरा. लोक कमी येतील, गर्दीही कमी असेल.

संत्राकलम_शेंदुरजना घाट

वर्णनाचं मान्य. मथळ्याचं अजूनही नाही. आत्ता बाबांना विचारून पहिल्या जागी खिळवलं: "संत्रा कलमे, किमान 100 नग". मोकळ्या जागा धरून मोजून पाहा, बरोबर 25 आहेत.