क्रम्बसकर्स कोणी ऐकलाय का?

प्रश्न: प्रो-पेन हा मेटल बँड ऐकता ऐकता मागे मागे गेलो तर हा क्रम्बसकर्स बँड सापडला, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरल्या बाल्डविनचा. हार्डकोर (वेगवान, आक्रमक पंक) म्हणू की थ्रॅश (वेगवान मेटल), काय कळेना. कुठून सुरू करू?

उत्तर १: १९८६ चा ‘लाइफ ऑफ ड्रीम्स’ लाव आधी. वेग हार्डकोरचाच पण मधेच रिफ (गिटारची परत परत येणारी छोटी धून) अशी वळते आणि वर सोलो सुटतो की बास, उपनगरातली पोरं रे ही, १९८२ ला सुरुवात केली आणि शहरात सीबीजीबी क्लबला जाऊन वाजवायची.

उत्तर २: १९८८ चा दुसरा अल्बम फारच मेटल, मला नाय झेपला बुवा.

उत्तर ३: मला तोच आवडतो! आणि बेसिस्ट गॅरी मेस्किल, ड्रमर डॅन रिचर्डसन यांनीच पुढे प्रो-पेन काढला, म्हणजे तू उलटा आलायस 😄